विनिपेगचा पूरकालवा आणि नदीतले दोन दरवाजे : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग ही रेड आणि असिनिबॉइन या नद्यांच्या संगमावर वसली आहे. संगमावरचं गाव म्हटलं की पूर आलाच, पण या पुराची जात आपल्याकडच्या पुरापेक्षा निराळी. रेड नदी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरून उत्तरेकडे वाहत येते आणि पुढे विनिपेग सरोवराला मिळते. हिवाळा सरला की ऊब आधी दक्षिणेला पोचते. तिथला बर्फ वितळून पाणी सुटतं, तेव्हा उत्तरेला जमीन अजून गोठलेली असते आणि नदीवर बर्फाचं जाड झाकण असतं. वरून पाणी येतंय आणि पुढची वाट बंद, अशी ही नदी.

त्यात भर सपाटीची. हे सगळं खोरं म्हणजे हिमयुगातल्या अगासी सरोवराचा सुकलेला तळ. नदीचा उतार किलोमीटरला सरासरी दहा सेंटीमीटरच्या आसपास. पात्र भरलं की पाणी धावत नाही, पसरतं. एकदा पसरलं की कित्येक दिवस हलत नाही. खालची माती दाट चिकण, ओली झाली की उतारावर न टिकणारी. पुढे कालव्याचा आकार याच मातीने ठरवला.

1826 मध्ये इथे सुमारे 2 लाख 25 हजार क्युसेकचा पूर येऊन गेल्याचा अंदाज आहे. 1852 चा सुमारे 1 लाख 65 हजारांचा, 1861 चा त्याहून कमी. (आकडे क्युसेकमध्येच, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातं त्यात, दिले आहेत. पावसाळ्यात रोज कोयनेचा विसर्ग वाचणाऱ्याला घनमीटरपेक्षा ते लवकर कळतात.) त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं तसा मोठा पूर आला नाही. एवढ्या काळात पूर पाहिलेली माणसं गेली, नदीकाठी घरं झाली, तळघरं खणली गेली, नळ आणि गटारं नदीला जोडली गेली.

अडचण

1950 च्या मे महिन्यात सुमारे 1 लाख क्युसेक पाणी शहरातून गेलं. 1826 च्या निम्म्याहूनही कमी. तरी शहरातले आठ बांध फुटले आणि जवळपास एक लाख लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हाच्या लोकसंख्येत हे प्रमाण साधारण तिघांत एक असं पडतं.

सांगलीकर जसे आयर्विन पुलाच्या फुटांवर पूर मोजतात, तसे विनिपेगचे लोक जेम्स अव्हेन्यूच्या गेजवर मोजतात. त्या गेजचा शून्य म्हणजे हिवाळ्यात नदीवर बर्फ धरतो ती नेहमीची पातळी. 1950 मध्ये पाणी 30.3 फुटांवर गेलं. हा आकडा आणि पुढे येणारा 24.5 फुटांचा आकडा शेजारी ठेवून वाचावेत. या प्रकल्पाची सगळी झटापट मधल्या सहा फुटांसाठी आहे.

तातडीचा उपाय म्हणून नदीकाठचे बांध वाढवले गेले. त्यातले बरेच आज बांध म्हणून ओळखूही येत नाहीत. लिंडेल ड्राइव्हसारखे नदीकाठचे रस्ते त्यांच्या माथ्यावरून जातात. सांडपाण्याच्या नळांना नदीच्या तोंडाशी झडपा बसल्या आणि झडपा बंद असताना आतलं पाणी बाहेर फेकायला पंपगृहं आली. हे काम गरजेचं होतं, पण अपुरं होतं. बांध आणखी उंच करायचे तर पायाही रुंद करावे लागतात आणि नदीकाठी ती जागा घरांनी आधीच खाल्लेली होती. शिवाय चिकणमातीच्या काठावर जादा भार टाकला की काठच नदीत सरकतो. उंचीला मर्यादा मातीनेच घातली होती.

समोर असलेले पर्याय

पूर ओसरल्यावर केंद्र सरकारने तांत्रिक अभ्यास करवून घेतला. त्याचा अहवाल 1953 मध्ये आला. नंतर तीन वर्षं कागद पडून राहिला, कारण खर्चाचा आकडा प्रांताला झेपणारा नव्हता. 1956 च्या अखेरीस डग्लस कॅम्पबेल यांच्या प्रांतिक सरकारने एक आयोग नेमला आणि त्याला एकच काम दिलं : प्रत्येक उपायाचा खर्च आणि त्यातून टळणारं नुकसान समोरासमोर मांडा. अहवाल 1958 च्या डिसेंबरात आला. तोवर सरकार बदलून डफ रॉब्लिन प्रीमियर झाले होते (तिथे प्रांताच्या सरकारप्रमुखाला प्रीमियर म्हणतात).

रेड नदीवरच पाणी अडवायचं, हा पहिला विचार. पण धरणाला दरी लागते आणि इथे तर ताट. शहराच्या दक्षिणेला सेंट अगाथजवळ आडवा बांध घालून मागे तात्पुरतं तळं करता आलं असतं, मात्र त्यात शेती आणि गावंच बुडणार होती. दुसरा विचार, नदी शहरात शिरण्याआधीच तिचं पाणी फोडून शहराच्या पूर्वेकडून वळसा घालून पुन्हा खाली नदीत सोडायचं, म्हणजेच पूरकालवा. तिसरा, असिनिबॉइनचं पाणी पोर्टेज ला प्रेरी गावाजवळ उत्तरेला मॅनिटोबा सरोवरात वळवायचं. चौथा, त्याच नदीवर खूप वर शेलमाउथला धरण बांधायचं.

आयोगाने यातला एक न निवडता शेवटच्या तिन्हींची जोडणी सुचवली. हिशेब असा होता : पूरकालवा 60 हजार क्युसेक, पोर्टेजचा वळणकालवा 25 हजार, शेलमाउथ धरण 7 हजार, आणि बांधांच्या आत राहून शहरातून सुरक्षित जाऊ शकणारे 77 हजार. बेरीज 1 लाख 69 हजार. तेव्हाच्या गणिताने हा 160 वर्षांतून एकदा येणारा पूर. 1826 चा पूर या बेरजेत बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते समजून-उमजून सोडलं गेलं. पहिला निर्णयबिंदू हाच. किती मोठ्या पुरापर्यंत पैसे घालायचे ही रेघ आधी ओढली गेली आणि कालव्याची रुंदी तिच्यावरून निघाली.

विरोधकांनी या पूरकालव्याला ‘डफचा चर’ म्हणून हिणवलं. ते नाव आजही टिकून आहे, फक्त आता लोक ते कौतुकाने घेतात.

काम कसं झालं

ऑक्टोबर 1962 मध्ये खोदाई सुरू झाली आणि मार्च 1968 मध्ये काम संपलं. लांबी 47 किलोमीटर, खर्च सुमारे 6 कोटी 30 लाख कॅनेडियन डॉलर. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा केंद्राने उचलला. सुमारे 10 कोटी घनयार्ड माती निघाली. ती दूर वाहून नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोन्ही काठांवर टेकाडं करून ठेवली. पूर्ण सपाट मुलखात हीच सर्वांत उंच जागा ठरल्यामुळे एका ठिकाणी तिच्यावर हिवाळ्यात स्कीइंग चालतं.

कालव्याचं चित्र डोळ्यांपुढे आणताना आपल्याकडचा सिंचनाचा कालवा आणू नये. हा तळाशीच शंभर-दीडशे मीटर रुंद आहे आणि खोली सरासरी तीस फूट. काठांचा उतार सहास एक, म्हणजे एक फूट उंचीला सहा फूट आडवं. पोहणाऱ्याला चढता यावं म्हणून हा उतार दिलेला नाही. अगासीची चिकणमाती यापेक्षा उभी ठेवली तर पाणी उतरताना काठ खचतो. भरलेल्या कालव्यातलं पाणी लवकर उतरलं की मातीच्या आत पाणी तसंच राहतं, बाहेरचा आधार जातो आणि ओला उतार बसतो. काठाला सिमेंटचं अस्तर नाही, गवत आहे. पूर नसताना तळात एक छोटा चर वाहतो, बाकी कुरण.

वाटेत आडवं येणारं सगळं ओलांडायचं होतं. रेल्वे आणि महामार्गांचे पूल झाले. सीन नावाची छोटी नदी कालव्याच्या तळाखालून उलट्या सायफनने पार नेली. शहराला शोल लेकहून पिण्याचं पाणी आणणारी नळवाहिनीही खालूनच नेली. कालव्याच्या शेवटी, लॉकपोर्टजवळ, पाणी पुन्हा नदीत उतरतं तिथे काँक्रीटची उतरण आहे. पाण्याचा जोर तिथेच मोडला नाही तर ते मागे मागे खणत जाईल.

खोलीवर आणखी एक बंधन होतं, ते दिसत नव्हतं. चिकणमातीखाली चुनखडीचा पाणीदार थर आहे आणि आसपासच्या विहिरी त्याच्यावर जगतात. कालवा जास्त खोल नेला तर तो थर उघडा पडून कालव्यातच पाझरतो. ही गोष्ट पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा आडवी आली.

नदीतले दरवाजे

या प्रकल्पातली सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट ही. पाहुणे येतात आणि कालव्याचे दरवाजे कुठे आहेत असं विचारतात. कालव्याला दरवाजेच नाहीत. दरवाजे नदीत आहेत.

सेंट नॉर्बर्टजवळ कालव्याच्या तोंडाशी मातीचा एक उंबरठा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 750 फुटांवर. नदी त्याच्यावर चढली की पाणी आपोआप कालव्यात पडू लागतं. उंबरठ्यामुळे वसंतातला तरंगता बर्फ सुरुवातीलाच कालव्यात घुसत नाही. तिथून थोडं खाली, नदीच्या पात्रात, दोन मोठे पोलादी दरवाजे आहेत. प्रत्येक सुमारे 34 मीटर रुंद. वर्षभर ते तळाशी निजलेले असतात आणि होड्या वरून जातात. पुरात हायड्रॉलिक दाबाने ते तळातून वर उचलले जातात. आपल्या धरणांची वक्र दारं वर उचलली की पाणी सुटतं, इथे दार वर आलं की पाणी अडतं.

अडतं म्हणजे काय? कालव्यात पाणी गेल्यामुळे त्याच्या तोंडाशी नदी नैसर्गिक पातळीपेक्षा खाली बसते. दार उचलून ती पातळी पुन्हा नैसर्गिक उंचीला आणली की कालव्यात जास्त पाणी ढकललं जातं. इथवर दक्षिणेकडच्या कोणाचंही नुकसान नाही. प्रकल्प नसता तर पूर जितका चढला असता तितकाच तिथे चढतो. खरी कसोटी त्यापुढे. दार आणखी वर घेतलं की मागे फुगवटा येतो, म्हणजे अडलेलं पाणी वरच्या अंगाला चढत जातं. अलमट्टीच्या फुगवट्यावरचा वाद ऐकलेल्या सांगली-कोल्हापूरकराला हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की इथे फुगवटा आहे की नाही याबद्दल वाद नाही. तो नियमावलीत लिहिलेला आहे. वाद आहे तो ‘नैसर्गिक’ कशाला म्हणायचं याचा. बांध, पूल आणि रस्ते झाल्यावर नैसर्गिक पातळी नदीत मोजता येत नाही, ती गणिताने काढावी लागते. गणित बदललं की कोणाच्या तरी अंगणातलं पाणी कायदेशीर होतं किंवा बेकायदेशीर.

पाणी दाराच्या बाजूने शहरात वळू नये म्हणून पूर्वेला कालव्याचा भराव आणि पश्चिमेला ‘वेस्ट डाइक’ हा लांब मातीचा बांध होता. पश्चिमेचा बांध जमीन पुरेशी उंच होते तिथवर नेऊन सोडला होता. तो टोकाचा बिंदू लक्षात ठेवावा.

1997 : कसोटी

पोर्टेजचा कालवा 1970 मध्ये आणि शेलमाउथचं धरण 1972 मध्ये झालं. पूरकालवा 1969 पासून वरचेवर वापरला गेला आणि दरवेळी निभावलं. मग 1997 आलं. हिवाळ्यात आधीच भरपूर बर्फ पडला होता. त्यात 5 ते 7 एप्रिलच्या वादळाने खोऱ्यात आणखी सुमारे अर्धा मीटर बर्फ टाकला.

18-19 एप्रिलला वरच्या अंगाला, अमेरिकेतलं ग्रँड फोर्क्स शहर बुडालं. तिथे अंदाज 49 फुटांचा दिला होता आणि बांध त्याच हिशेबाने वाढवले होते. पाणी 54 फुटांच्या वर गेलं. विनिपेगला याचा एकच फायदा झाला, तो म्हणजे वेळ. या नदीत पुराचा माथा ग्रँड फोर्क्सहून विनिपेगला यायला दहा-बारा दिवस लागतात.

त्या दिवसांत नकाशे आणि ताजी उंचीमापनं समोर ठेवल्यावर एक भयंकर गोष्ट ध्यानात आली. पश्चिमेचा बांध जिथे संपतो तिथून पाणी वळसा घालून ला साल नदीच्या पाणलोटात उतरू शकतं आणि ला साल नदी रेडला मिळते ती दरवाजांच्या खालच्या अंगाला. म्हणजे पुढचा दरवाजा कडेकोट आणि परसदार सताड उघडं. तीस वर्षं निभावलेला प्रकल्प बांधाच्या शेवटच्या टोकाशी कमी पडत होता.

पर्याय दोनच. शहरातले नैऋत्येचे भाग रिकामे करून आत दुसरी फळी उभारायची, किंवा बांध लांबवायचा. बांध लांबवायचं ठरलं. 23 एप्रिलच्या सुमाराला काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ब्रंकिल्डच्या दिशेने सुमारे 42 किलोमीटरचा बांध उभा राहिला. काही भाग नवा, काही जुना उंच केलेला. जमीन संपादन करायला वेळ नव्हता, म्हणून शेतांच्या हद्दींवरून काटकोनात वळणाऱ्या ग्रामीण रस्त्यांचाच पाया केला. त्यामुळे नकाशावर तो इंग्रजी झेडसारखा दिसतो आणि त्याचं नावही तेच पडलं.

जमीन अर्धी गोठलेली, वरचा थर चिखल. ओल्या चिकणमातीची दबाई धड होत नाही. रात्रंदिवस यंत्रं चालली, रात्री दिव्यांच्या उजेडात. आणि बांध झाल्यावर दुसरा धोका उरला, लाटांचा. समोर दहा-वीस किलोमीटर उघडं पाणी असलं की दक्षिणेच्या वाऱ्याने लाटा उठतात आणि ताजी माती तासांत खातात. दगडी पिचिंग (उतारावर रचलेलं दगडांचं आवरण) सगळीकडे पोचणं शक्य नव्हतं. चुनखडीचे दगड जिथे मिळाले तिथे टाकले, गवताच्या गठड्या आणि प्लास्टिक वापरलं, आणि काही ठिकाणी भंगारातल्या मोटारी आणि शाळेच्या जुन्या पिवळ्या बस बांधासमोर ओळीने उभ्या केल्या. बसचं अंग लाट मोडतं आणि ती चालवत नेऊन जागेवर लावता येते, एवढा साधा विचार.

1 मेच्या आसपास शहरात पाणी 24.5 फुटांवर थांबलं. कालव्यातून 65 हजारांहून अधिक क्युसेक वाहत होते, म्हणजे संकल्पित क्षमतेपेक्षा जास्त. शहरातून सुमारे 80 हजार. प्रकल्पच नसता तर संगमाखाली सुमारे 1 लाख 63 हजार आले असते. 1958 च्या बेरजेतले 1 लाख 69 हजार आठवा. शिल्लक किती राहिली ते दिसतं.

पण दक्षिणेचं चित्र वेगळं होतं. सुमारे 1,800 चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली, मॅनिटोबात सुमारे 28 हजार लोक स्थलांतरित. एमर्सन, मॉरिस, सेंट अडॉल्फ अशी कडेबांधाची, म्हणजे भोवती सगळीकडून बांध असलेली, गावं बेटांसारखी वाचली. सेंट अगाथच्या लोकांनी नदीच्या बाजूने बांध घातला होता. 29 एप्रिलला पाणी आलं ते पश्चिमेकडून, शेतांवरून. सपाट मुलखात नदीकडे तोंड करून उभं राहणं ही चूक ठरू शकते.

आणि दरवाजा. शहर 24.5 फुटांवर धरायचं म्हणून दार नैसर्गिक पातळीच्या मर्यादेपलीकडे उचलण्याचा निर्णय झाला. कालव्याच्या तोंडाशी पाणी नैसर्गिकपेक्षा सुमारे दोन फूट जास्त चढलं. त्याच पट्ट्यातल्या ग्रँड पॉइंट वस्तीत शंभराहून अधिक घरांत पाणी शिरलं. ती वस्ती मुख्यतः कालवा झाल्यानंतरची. तिथल्या लोकांचं म्हणणं साधं होतं : शहर वाचवण्यासाठी आम्हाला बुडवलं, तर ते निदान उघड सांगा आणि भरपाई हक्काची द्या, मदत म्हणून नको. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्य होता, कारण शहरात पाणी फुटलं असतं तर नुकसान कित्येक पटींनी झालं असतं. पण तो घेताना ज्यांच्यावर तो पडणार होता त्यांच्याशी आधी काहीही ठरलेलं नव्हतं.

1997 नंतर : दुसऱ्यांदा तोच प्रश्न

1997 चा पूर जमेस धरून गणित पुन्हा केल्यावर जुन्या प्रकल्पाचं संरक्षण 160 वर्षांतून एकदाचं न राहता साधारण 90 वर्षांतून एकदाचं निघालं. कालवा तोच, माती तीच, आकडा खाली आला. पुराची ‘वर्षं’ ही नदीची नसून नोंदींची असतात, हे अशा वेळी कळतं.

कॅनडा-अमेरिका संयुक्त आयोगाने 2000 मध्ये संरक्षण वाढवायला सांगितलं. दोनच गोष्टी गंभीरपणे तोलल्या गेल्या. एक, 1950 च्या दशकात सोडून दिलेला सेंट अगाथचा आडवा बांध. दोन, कालव्याचा विस्तार. सेंट अगाथच्या बांधाची जमेची बाजू मोठी होती : पाणी शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूरच थोपवता येतं. पण त्याच्या मागे बुडणारे लोक ठरलेले आणि कायमचे. 1997 नंतर त्या पट्ट्यात जाऊन हे सांगण्याची कोणाची छाती नव्हती. कालव्याचा विस्तार निवडला गेला.

आधीचा विचार कालवा खोल करण्याचा होता. खोल केला तर उत्खनन कमी आणि जागाही कमी. पण चुनखडीच्या थरातल्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, विहिरीवाल्यांनी तो लावून धरला, आणि शेवटी खोली जवळपास तशीच ठेवून रुंदी वाढवली गेली.

खरा अडथळा मात्र पुलांचा होता. 1997 मध्ये पाणी पुलांच्या गर्डरांना (आडव्या तुळयांना) भिडलं. गर्डर पाण्यात गेला की पूल स्वतःच बंधारा होतो, त्यामागे पाणी चढतं आणि कालवा कितीही रुंद असला तरी त्याची क्षमता पुलाच्या गळ्याशी ठरते. म्हणून पूल नव्याने, जास्त उंच आणि लांब बांधावे लागले. 2005 मध्ये सुरू झालेलं काम पुढच्या दशकाच्या तोंडाशी आटोपलं. मंजूर रक्कम 66 कोटी 50 लाख डॉलर होती, त्याच्या आत काम बसलं. क्षमता 60 हजारांवरून 1 लाख 40 हजार क्युसेक झाली, संरक्षण 700 वर्षांतून एकदाच्या पुरापर्यंत गेलं. पश्चिमेचा बांध उंच करून पुढे वाढवला.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उशिरा आलेली गोष्ट म्हणजे 2004 चा कायदा. दरवाजा चालवल्यामुळे पाणी नैसर्गिक पातळीच्या वर गेलं तर बाधितांना भरपाई मिळेल, तीही हक्काने, असं त्यात लिहिलं आहे. त्याआधी छत्तीस वर्षं दरवाजा चालत होता.

निष्पत्ती

शहरापुरतं यश वादातीत आहे. सरकारी दाव्यानुसार 1968 पासून टळलेलं नुकसान 40 अब्ज डॉलरच्या घरात जातं. असे आकडे ‘पूर आला असता तर’ या गृहीतावर उभे असतात, पण त्यातलं निम्मं धरलं तरी खर्च कधीच वसूल झालेला आहे. दक्षिणेच्या गावांना पक्के कडेबांध मिळाले आणि सुटी घरं 1997 च्या पातळीपेक्षा दोन फूट वर उचलली गेली. तरी अमेरिकेकडे जाणारा 75 क्रमांकाचा महामार्ग मॉरिसजवळ मोठ्या पुरात अजूनही बंद पडतो. घरं वर आली, रस्ता खालीच राहिला.

बर्फाचं उत्तर कालव्याजवळ नाही. 2009 मध्ये शहराच्या उत्तरेला बर्फाचे तुकडे अडकून बांधासारखे बसले, पाणी काही तासांत चढलं आणि तिथली घरं मोडली. तिथे कालव्याचं पाणी परत नदीत आलेलं असतं, त्याचा उपयोग संपलेला असतो. म्हणून दरवर्षी वसंताआधी त्या भागातला बर्फ यंत्रांनी कापून ठेवतात.

आणि 2011. त्या वर्षी पूर रेडपेक्षा असिनिबॉइनला मोठा होता. पोर्टेजच्या वळणकालव्यातून त्याच्या 25 हजारांच्या क्षमतेपेक्षा बरंच जास्त पाणी मॅनिटोबा सरोवरात गेलं. सरोवर भरलं, तिथून पाणी लेक सेंट मार्टिनमध्ये उतरलं आणि त्याच्या काठची आदिवासी गावं बुडाली. तिथली माणसं कित्येक वर्षं शहरातल्या हॉटेलांत आणि भाड्याच्या घरांत राहिली. सरोवरात पाणी आणायची सोय 1970 मध्येच झाली होती. तितकंच बाहेर काढायची सोय झाली नव्हती. घाईने एक निचरा चर खोदावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

पूल. 1960 च्या दशकात पुलांच्या उंचीत केलेली काटकसर 2005 नंतर सर्वांत महाग पडली. माती पुन्हा काढता येते, वाहता रेल्वेपूल बदलताना वळणमार्ग, वेळापत्रक, सगळंच उचलावं लागतं. नवा पूरकालवा आखणाऱ्याने पूल आजच्या पुरासाठी न बांधता उद्याच्या कालव्यासाठी बांधावा.

बांधाचं टोक. 1968 ते 1997 या काळात कधीही कोरड्या हवामानात पश्चिमेच्या टोकापलीकडे काटेकोर उंचीमापन करून बांध वाढवता आला असता. मे महिन्याच्या तोंडावर बस उभ्या करायची वेळ आली नसती. पूररेषा नकाशावर काढताना आपल्याकडेही नदीकाठ बारकाईने मोजला जातो आणि ओढ्या-नाल्यांतून मागून येणारं पाणी सुटून जातं.

वस्ती. कालवा झाला म्हणून दाराच्या मागच्या अंगाला घरं होऊ दिली गेली. फुगवट्याचा पट्टा पहिल्याच दिवशी आखून, तिथे बांधकामाची अट घालून, भरपाईचा नियम लिहून मग दरवाजा चालवायला हवा होता. हे तिन्ही झालं, पण उलट्या क्रमाने.

सांगली-कोल्हापूरला पुराचं पाणी वळवण्याच्या योजना निघाल्या की विनिपेगचा दाखला कोणीतरी देतोच. तो देताना दोन गोष्टी सोबत ठेवाव्या लागतील. विनिपेगला पुराचा माथा आठवडाभर आधी दिसतो, घाटमाथ्यावरचा पाऊस ती सवलत देत नाही. आणि विनिपेगचं वळवलेलं पाणी पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटरवर त्याच नदीत परत जातं. दुसऱ्या खोऱ्यात सोडलेलं पाणी काय करतं ते लेक सेंट मार्टिनने दाखवलं आहे.

दरवाजा चालवण्याचे नियम आज छापील आणि जाहीर आहेत. पहिला नियम : शहरात 24.5 फूट होईपर्यंत कालव्याच्या तोंडाशी नैसर्गिक पातळीच्या वर जायचं नाही. त्यानंतरचा : शहर वाचवण्यासाठी वर जायची मुभा, भरपाईसह. तिसरा नियम क्वचित कोणी वाचतो. कालव्याच्या तोंडाशी पाणी समुद्रसपाटीपासून 778 फुटांना पोचलं की भराव आणि पश्चिमेचा बांध यापुढे भार घेऊ शकत नाहीत. तिथून पुढचं सगळं पाणी शहरात सोडायचं.